छत गळतंय, तर नगरला चला

हिंजवडीजवळच्या माण गावातली खोली बघायला गेलो तेव्हा आमचे होणारे घरमालक भिंतीला कान लावून उभे होते. मी आणि माझा नवरा दारात, आम्हाला वर घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोच्या हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि मालक आमच्याकडे पाठ करून बोटाच्या पेरानं भिंत वाजवतायत. डॉक्टर पाठीवर ठोकून छातीतलं ऐकतात तसं. ऐकून झाल्यावर ते वळले आणि नाव-गाव, नोकरी, खाणंपिणं यातलं काहीही न विचारता म्हणाले, "हितं जरा पोकळ हाय. खिळा मारू नका."

एवढ्यावर आम्हाला खोली मिळाली. आम्ही परभणीचे, दोघंही हिंजवडीत नोकरीला, लग्नाला चार महिने झालेले. इकडचे घरमालक म्हणजे नियमांची लांबलचक यादी असं ऐकून होतो. यांचा नियम एकच निघाला, आणि तोही त्यांनी तोंडानं सांगितला नाही. तो पावसाळ्यात आपोआप लागू झाला.

सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. सत्तरीच्या आसपासचे, काटक, उन्हानं काळे पडलेले. मान मात्र चारचौघांपेक्षा लांब, कारण ती सतत वर असायची. कुणाच्याही घरात शिरले की ते माणसांकडे बघायच्या आधी छताकडे बघायचे. त्यामुळे डोक्यावरची टोपी वारंवार मागच्या मागे पडायची. शेवटी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, टोपीला आतून इलॅस्टिक शिवून दिलं, ते हनुवटीखाली घ्यायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात उभ्या केलेल्या पुढाऱ्यासारखे ते दिसायचे, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

कुणी भेटलं की माणसं "बरं हाय का" विचारतात. आप्पा विचारायचे, "गळतंय का?" हे ते सगळ्यांना विचारत, सगळीकडे विचारत. गावात एक म्हातारे गृहस्थ गेले तेव्हा आप्पा भेटायला गेले. भिंतीशी टेकून बसले, सवयीनं वर बघितलं, आणि गेलेल्याच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "कवापास्नं गळतंय?" त्याला वाटलं डोळ्यांचं विचारतायत. तो म्हणाला, कालपासून थांबतच नाही. आप्पा त्याला म्हणाले, थांबंल, पण आधी वर चढून बगाया पायजे. हा प्रसंग मला काकूंनी सांगितला, आणि सांगताना त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

या वेडाचं मूळ त्यांच्या बिल्डिंगमध्ये होतं. आयटी पार्कासाठी त्यांची भाताची खाचरं गेली आणि हातात एकदम पैसा आला. गावातल्या इतरांनी इंजिनियर लावून इमारती बांधल्या. आप्पांनी मारुंजीचा एक गवंडी बोलावला आणि त्याच्याबरोबर स्वतः थापी हातात घेऊन तीन मजले, बारा खोल्या उभ्या केल्या. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळला. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी डांबर ओतलं, तिसऱ्यात पत्रे टाकले, चौथ्यात कसलंसं महागडं रसायन लावलं. स्लॅबनं कशालाच दाद दिली नाही.

मग ते एका लग्नाला नगरला गेले. नवरदेवाची वरात कुठंशी अडकली, मुहूर्त टळला, वऱ्हाडी मंडपात पेंगायला लागले. आप्पा फिरत फिरत बाहेर पडले तेवढ्यात वळवाचा पाऊस आला, म्हणून आडोसा शोधत एका जुन्या घुमटाखाली शिरले. ती निजामशाहीतली कबर होती. दोन तास पाऊस कोसळला. आप्पा दोन तास मान वर करून उभे राहिले. एक थेंब पडला नाही. लग्न लागून, जेवणं होऊन, पंगती उठल्या तरी यांचा पत्ता नव्हता. काकू सांगायच्या, "मी म्हनलं कुटं गेलाय मानूस. बगतीया तर थडग्यापशी हुबं. म्हनलं, कुनाची कबर हाय? तर म्हन्ले, ते न्हाई म्हाईत, पर गळत न्हाई."

तेव्हापासून आप्पा नगरला जात राहिले. जमिनीच्या पैशातून एक बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली होती, ती आठवडाभर कुठल्याशा कंपनीची माणसं ने-आण करी आणि रविवारी दारात उभी असे. ती रिकामी कशाला न्यायची, म्हणून त्यांनी भाडेकरू न्यायला सुरुवात केली. आणि कुणाला न्यायचं याचा न सांगितलेला नियम असा होता, की जो छताची तक्रार करेल त्याला.

मी जुलैत तक्रार केली. पलंगाच्या बरोबर वर एक ओला डाग होता, तो महाराष्ट्राच्या नकाशाएवढा झाला आणि कोकणाच्या बाजूनं ठिबकायला लागला. आप्पा आले, भिंत वाजवली, बराच वेळ वर बघितलं आणि म्हणाले, "म्याडम, रविवारी मोकळ्या हायसा का?" मला वाटलं गवंडी येणार. रविवारी पहाटे उठून मी पलंग सरकवला, कपडे झाकले, खाली वर्तमानपत्रं पसरली. साडेपाचला खाली हॉर्न वाजला. मी गाऊनवर ओढणी घेऊन, हातात झाडू, अशी गॅलरीत आले. आप्पांनी खालूनच सांगितलं की झाडू लागणार नाही, तितं झाडल्यालं असतंय.

गाडीत माझ्यासारखेच आणखी नऊ जण बसले होते. सगळ्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावरच्या.

नगरची ती सहल पुढे मी तीनदा केली, म्हणून ती मला पाठ आहे. वाटेत कुठंही खायला थांबायचं नाही. पोट भरलं की मान वर होत नाही, असं आप्पांचं मत. पहिला मुक्काम फराहबाग. एके काळी तलावाच्या मधोमध बांधलेला हा महाल. आता तलावात पाणी नाही, गवत आहे, आणि गवतातून चालत आपण थेट राजाच्या बैठकीत जातो. मधल्या उंच दालनात शिरलं की आप्पा सगळ्यांना उताणं झोपायला लावत. पाच मिनिटं बोलायचं नाही, फक्त वर बघायचं. माझ्या पहिल्या सहलीला आमच्यातल्या एकाला ऑफिसचा फोन आला. तो आडवा पडल्या पडल्या कुजबुजत बोलत होता, आणि त्या दालनात कुजबूजसुद्धा घुमते, त्यामुळे त्याच्या वरिष्ठानं त्याला कामावरून सुनावलेलं आम्ही दहा जणांनी छताकडे बघत ऐकलं. तेवढ्यात एक कुटुंब महाल बघायला आलं. आडव्या पडलेल्या दहा जणांना आणि त्यांच्यामध्ये हात मागे बांधून उभ्या असलेल्या, इलॅस्टिकच्या टोपीतल्या म्हाताऱ्याला बघून ते क्षणभर थांबले आणि आल्या पावली परत गेले.

आप्पा गाईड म्हणून कसे होते हे सांगणं अवघड आहे. राजांची नावं त्यांना येत नसत, सनावळी तर नाहीच. पण कमानीचा कुठला दगड काढला तर कमान पडेल आणि कुठला काढला तरी पडणार नाही, हे ते बोट दाखवून सांगत. कुठं गिलावा नंतरचा आहे, कुठल्या भिंतीतून खापराचे नळ गेले होते, कुठल्या कोपऱ्यात गवंडी बदलला, हे ते एखाद्या घरातली भांडणं सांगावीत तसं सांगत. "हा बगा, हितपोतर एक जन. हितनं म्होरं दुसरा. दुसऱ्याला घाई झाल्याली." चारशे वर्षांपूर्वी कुणाला तरी घाई झाली होती ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळाली नसती.

गावात काही जण त्यांना टोकत. मुळशीत एवढे किल्ले असताना तुम्ही त्या नगरच्या कबरी-मशिदींत काय बघता, असं पारावर एकानं त्यांना माझ्यादेखत विचारलं. आप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "किल्ल्यावं बी जातो की. दर साली जातो. पर किल्ल्याला छप्पर ऱ्हायल्यालं न्हाई. माजा प्रश्न छपराचा हाय." जाताना आप्पांनी त्यालाही विचारलं, गळतंय का. त्याचंही गळत होतं. पुढच्या रविवारी तो गाडीत होता.

आता कुणी विचारेल, की एवढं बघून आप्पांनी आमचा स्लॅब दुरुस्त केला का. केला. चुना, विटेची भुकटी, गूळ, बेलफळाचा गर आणि मेथीचं पाणी असा माल त्यांनी गच्चीवर कालवला आणि तीन दिवस स्वतःच्या पायांनी तुडवला. त्यांचा मुलगा, जो एरवी पांढऱ्या गाडीतून फिरायचा, तो ते तीन दिवस घरी फिरकलाच नाही. माल थापून झाला, सुकला, छान गुळगुळीत दिसायला लागला. मग मुंग्या आल्या. गुळाच्या वासानं अख्ख्या माणच्या मुंग्या आमच्या गच्चीवर मुक्कामाला आल्या. आणि पुढच्या पावसात छत गळायचं काही थांबलं नाही, फक्त थेंबाबरोबर आता भिजलेल्या मुंग्याही खाली पडू लागल्या. मी तक्रार करायला गेले आणि दारातूनच परत फिरले. त्या रविवारी मला झोपायचं होतं.

एवढं होऊनही ती खोली आम्ही चार वर्षं सोडली नाही. पावसाळ्यात काकू न मागता पातेली आणून द्यायच्या, पलंग सरकवायला आप्पा स्वतः यायचे, आणि थेंब झेलणारं पातेलं मध्ये ठेवून आम्ही चौघं चहा प्यायचो. मला "म्याडम" म्हणणं त्यांनी कधी थांबवलं आणि "पोरी" म्हणायला कधी लागले ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

चौथ्या वर्षी बिल्डर आला. आमच्या रस्त्यावरच्या जुन्या इमारती पाडून तिथं मोठा टॉवर करायचा बेत होता. शेजारच्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, मधोमध आप्पांचा तुकडा राहिला होता. मुलगा तर कागद घेऊन मागंच लागला होता. बापलेकांचं जेवणाच्या ताटावर बोलणं बंद झालं. काकू दोघांच्या मधे बसून दोघांना वेगवेगळं वाढायच्या. आप्पांना जमिनीचा किंवा त्या गळक्या इमारतीचा लळा होता असं नाही. ती पाडायला त्यांची हरकतच नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नवीन काय बांधणार आणि ते किती टिकणार हे बिल्डरनं नीट सांगावं. बिल्डर दर वेळी चकचकीत पुस्तिका द्यायचा. आप्पा ती वाजवून बघायचे आणि परत द्यायचे.

मुलानं अखेर निर्वाणीचं सांगितलं, की या महिन्यात सही झाली नाही तर बिल्डर आपल्याला वगळून नकाशा करेल, मग तीन बाजूंनी टॉवर आणि मधे आपलं डबकं. ते ऐकून आप्पा म्हणाले, करतो सही, पण बिल्डरनं एक दिवस माझ्याबरोबर नगरला यावं.

मला त्यांनी दुभाषी म्हणून घेतलं. बिल्डर निम्मं इंग्रजी बोलतो, ते मी मराठीत करून सांगायचं.

बिल्डर त्या रविवारी पांढरे बूट घालून आला. पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, हसतमुख माणूस. स्वतःची मोठी गाडी त्यानं बरोबर आणली होती, पण आप्पांनी त्याला ट्रॅव्हलरच्या पहिल्या बाकावर बसवलं. मुलगा मागच्या बाकावर, मांडीवर फाइल घट्ट धरून. वाटेत बिल्डरनं दोनदा नाश्त्याचं विचारलं. मी त्याला पोट आणि मानेचा सिद्धांत समजावून सांगितला. तो म्हणाला, इंटरेस्टिंग. आप्पांनी मला विचारलं, काय म्हन्तोय. मी म्हटलं, भूक लागलीय म्हणतोय.

फराहबागेत आप्पांनी त्याला उताणं झोपायला सांगितलं. मला वाटलं इथंच दिवस संपला. पण त्यानं बूट काढून उशाला घेतले आणि खरंच आडवा झाला. पाच मिनिटांनी त्या उंच दालनात एक संथ घोरणं घुमायला लागलं. मुलगा लाजेनं पुढे झाला, उठवू का म्हणाला. आप्पांनी त्याला हातानंच अडवलं. "निजू दे. झोप लागली म्हंजी छत बरं हाय." अर्धा तास आम्ही तिघं दारात बसून त्याच्या उठण्याची वाट बघितली. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची पुस्तिकेतली चकाकी गेली होती आणि तो एकदम कुणाच्या तरी घरातला माणूस वाटायला लागला होता.

तिथून आम्ही डोंगरावर चांदबिबीच्या महालावर गेलो. तो चांदबिबीचा नाहीच, एका वजिराची कबर आहे, हे आप्पांना सहलीगणिक नव्यानं लागायचं. "बांधला कुनी, निजलाय कोन, आन् नाव कुनाचं," असं ते जिना चढताना पुटपुटत. वर, जिथं बांधकाम मधेच थांबल्यासारखं दिसतं, तिथं बिल्डर दम खात उभा राहिला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "आप्पा, यांनीपण पझेशन दिलेलं दिसत नाही." मी मराठीत करायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. आप्पा हसत होते. चार वर्षांत मी त्यांना वर न बघता हसताना पहिल्यांदा बघत होते.

शेवटी दमडी मशीद. बाहेरून लहानशी, पण कमानींवरचं कोरीवकाम असं की दगडाला कुणी सुईनं टाके घातलेत असं वाटावं. तिथं देखभाल करणारे एक म्हातारे चाचा होते. आप्पा त्यांच्यासाठी दर वेळी मुळशीचा आंबेमोहर घेऊन जायचे. चाचा तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगायचे, मग दोघं झाडाखाली चटईवर बसायचे आणि फारसं काही बोलायचे नाहीत. त्या दिवशी आम्ही पाच जण तसेच बसलो.

आप्पांनी बिल्डरला मशिदीची गोष्ट सांगितली. जवळ किल्ल्याचं काम चालू होतं, त्यावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्यातून ही मशीद उभी केली. चाचा मान हलवत होते. मग म्हणाले, लोक असं सांगतात, लिहिलेलं मात्र त्यांनी कुठं वाचलेलं नाही. आप्पा म्हणाले, "लिवतंय कोन? ज्यांनी बांदलं त्यांना लिवाया येत नव्हतं."

मग त्यांनी बिल्डरला विचारलं, तुमचा टॉवर किती वर्षं टिकंल. मुलानं फाइल उघडली. बिल्डरनं ती बंद करायला सांगितली.

"आप्पा, खरं सांगू का," तो म्हणाला, "यातलं काही माझ्याच्यानं होणार नाही. नीट राखलात तर तुमच्या नातवाच्या म्हातारपणापर्यंत जाईल. नाही राखलात तर तुमचा नातू पुन्हा माझ्या नातवाच्या दारात येईल."

हे सगळं मराठीतच होतं, त्यामुळे मला काम उरलं नाही. मुलगा पडलेल्या चेहऱ्यानं चटईची काडी उपसत होता. त्याला वाटलं सौदा मोडला. आप्पांनी मशिदीच्या कमानीकडे बघितलं.

"बांदतं कोन तुमचा टॉवर?" त्यांनी विचारलं.

बिल्डरनं कंत्राटदाराचं नाव सांगितलं.

"त्यो न्हाई. हातानं कोन बांदतं?"

बिल्डर म्हणाला लेबर असतं, बिहार, बंगाल, ओडिशाकडचं, शेकड्यांनी असतात, बदलत राहतात. आप्पांनी त्यातल्या एकाचं नाव विचारलं. नुसतं एक. इतकी वर्षं इमारती बांधणारा तो माणूस एक नाव आठवायचा खरोखर प्रयत्न करत होता हे दिसत होतं, आणि त्याला ते आठवत नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

आप्पांनी सहीची अट सांगितली: जो जो माणूस टॉवरवर हातानं काम करेल त्याचं नाव खाली दर्शनी भिंतीत, काळ्या दगडात कोरायचं. चमकणारा ग्रॅनाइट नाही, इथला काळा दगड, आणि पाथरवटाच्या हातचं. नावं गोळा करायचं काम आप्पांचं. बिल्डर म्हणाला, लिहा. मी फाइलच्या पाठीमागं ते कलम मराठीत लिहिलं. पुढे वकिलानं ते वाचून दोनदा फोन केला, की हे चुकून राहिलंय का. मुलानं आप्पांपुढे पेन धरलं, आणि सही करून झाल्यावर आप्पांनी ते पेन स्वतःच्या खिशात टाकलं. परतीच्या वाटेवर शिरूरला गाडी थांबवून त्यांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली, आणि मुलाच्या पुढ्यातली प्लेट उचलून तिखट जास्त आहे का ते आधी स्वतः चाखून बघितलं. ताटावरचा अबोला असा संपला.

आम्ही मारुंजीच्या सोसायटीत राहायला गेलो. आप्पांची इमारत पाडली, खड्डा झाला, खड्ड्यातून टॉवर वर यायला लागला. ऑफिसला जाताना मला रोज आप्पा दिसायचे. साइटच्या फाटकाशी खुर्ची टाकून, मांडीवर लांबडी वही. सुरुवातीला मजूर त्यांना बघून पळायचे. कुणाला ते पोलिसांचे वाटले, कुणाला मतदार यादीचे. मग आप्पांनी चहाची किटली ठेवली. नावं यायला लागली, तर त्यात एकट्या मुन्ना नावाचे अठरा. आप्पांनी बापाचं नाव आणि गाव लिहायचा नियम केला. पण ते लिहायचे कानानं, आणि कान मावळातला. त्यामुळे समस्तीपूरचं समिस्तीपूर झालं आणि एका बिचाऱ्या बिश्वजीतचा इश्वासजीत. ज्यांना वाचता येत होतं ते म्हणायचे, चालेल आप्पा, और क्या.

टॉवर पूर्ण झाला तेव्हा बिल्डरनं शब्द पाळला. तळमजल्यावर, लिफ्टच्या समोर, काळ्या दगडाची भिंतभर शिळा बसली. आप्पांना, काकूंना, मुलाला त्याच टॉवरमध्ये फ्लॅट मिळाले. आणि मग रहिवाशांच्या सभेत वाद झाला. काहींना ती शिळा मेलेल्यांच्या यादीसारखी वाटत होती. एका बाईंनी सांगितलं, पाहुणे आले की आधी विचारतात, इथं अपघात झाला होता का. आप्पा उभे राहून म्हणाले, ही समदी जित्ती हायेत, फोन लावून बगा. फोन कुणी लावला नाही, पण शिळेपुढे झाडाच्या चार मोठ्या कुंड्या आणून ठेवल्या. आप्पा रोज सकाळी त्या सरकवायचे. संध्याकाळपर्यंत त्या परत जागेवर यायच्या. पहारेकऱ्याची ती ड्यूटीच होऊन बसली.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी आप्पांना भेटायला गेले. फाटकाशी थोडी गर्दी होती. एक चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि त्याच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली बायको. त्याला आत जायचं होतं. पहारेकरी विचारत होता, कुठल्या फ्लॅटला, कोणाकडे. तो सांगत होता, कोणाकडे नाही, मेरा नाम है अंदर. पहारेकऱ्याला ते काही केल्या कळत नव्हतं. तेवढ्यात आप्पा कुंड्या सरकवता सरकवता बाहेर आले.

त्यांनी त्या दोघांना आत नेलं आणि शिळेवर बोट फिरवत नाव शोधून दिलं. स्पेलिंग अर्थातच चुकलेलं होतं. त्या माणसाला देवनागरी थोडी वाचता येत होती. त्यानं ते दोनदा वाचलं, हसला, आणि बायकोचा हात धरून तिचं बोट त्या अक्षरांवरून फिरवलं. मग आप्पांनी त्यांच्या हिंदीत विचारलं, किधर का काम किया था तुमने. तो म्हणाला, सातवा मजला, विटांचं काम.

आप्पा त्यांना लिफ्टनं सातव्यावर घेऊन गेले. मी मागे. त्यांनी एका फ्लॅटची बेल वाजवली. दार उघडलं ते नेमकं सभेत अपघाताचं बोललेल्या बाईंनी. आप्पा म्हणाले, "ह्यांनी तुमची भित बांदलीया. बगाया आल्यात."

बाई बाजूला झाल्या. तो माणूस चपला दारात काढून आत गेला, बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीपुढं उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. बायको त्याच्या पाठीमागून बघत होती. मग तो कोपऱ्यात गेला, तिथं हात लावला आणि बाईंकडे वळून हात जोडले.

"मॅडम, माफ करना. ये कोना आधा इंच बाहर रह गया था. उस दिन दीवार सीधी देखने का ओळंबा नहीं मिला."

बाई त्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे बघत राहिल्या. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याच्या चार घड्या घातलेल्या होत्या. त्या अचानक खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. मग त्यांनी सांगितलं की या कपाटापायी त्यांनी सुतार तीनदा बोलावला, त्याच्याशी भांडण केलं आणि वर नवऱ्यालाही दोष दिला. त्या माणसाला वाटलं रागावल्या, तो परत हात जोडायला लागला. त्यांनी त्याला बसवलं. चहा टाकला. सुताराला फोन करून माफी मागते म्हणाल्या, आणि बहुतेक मागितलीही असेल.

खाली येताना लिफ्टमध्ये त्या माणसाची बायको पहिल्यांदा बोलली. तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, बस इतना ही बनाया था क्या. तो म्हणाला, नहीं, ऊपर भी है, बारहवें तक.

लिफ्ट तळाला पोचली, दार उघडलं. आप्पा बाहेर पडले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली आणि बाराचं बटण दाबलं.